पन्नास मिलिग्रॅम

नुत्साच्या अर्जात एक रकाना आहे:
'हे क्षेत्र का निवडलंत?'
खाली चार ओळींची जागा.
तिनं लिहिलंय, 'मानवसेवेसाठी',
आणि पेनाचं टोपण चावत माझ्याकडे बघते आहे.

खोड ते, म्हटलं.
आपल्या दुकानात मानव येत नाहीत.
येतो दुर्मिशखान, गुडघ्याचं मलम घेतो,
खोकल्याचं औषध काउंटरवरच विसरतो.
येते झाइरा, चिठ्ठी उलटी धरते
आणि म्हणते, हेच, पण स्वस्तातलं.

लिही, पगार बरा असतो.
(नसतो. पण खपून जाईल.)
लिही, शाळेत सरांनी एकदा
दोन परीक्षानळ्यांतलं पाण्यासारखं पाणी एकत्र ओतलं
आणि तळाशी पिवळंधमक काहीतरी बसत गेलं,
सगळा वर्ग ओरडला, तू तेवढी गप्प,
कारण तुला विचारायचं होतं,
हा पिवळा इतका वेळ होता कुठे?
असं झालं असेल तरच लिही.
झालं असेल तर तेवढंच पुरे.

माझं कारण?
ते रकान्यात सापडायचं नाही. फार बारीक आहे.

मी नऊ वर्षांची.
आई वार्लामच्या औषधालयात फरशी पुसायची,
इथेच, कुताइसीत, रिओनीवरचा पूल ओलांडून डावीकडे.
काचेच्या पेटीत तराजू,
मखमलीच्या खाचांत वजनं:
आधी पितळेची, ठेंगणी, पोट सुटलेली,
मग नुसते पत्र्याचे चौकोन, झुरळाच्या पंखाएवढे,
चिमट्यात धरता यावेत म्हणून एक कोपरा दुमडलेला.
पन्नास मिलिग्रॅमचा मी बोटानं उचलला.
आणि शिंकले.

फटीत गेला की केरात, देव जाणे.
आई आणि मी गुडघ्यांवर, दिवेलागणीपर्यंत.

वार्लाम आला. रिकामी खाच पाहिली.
आईनं तोंड उघडायच्या आत मला म्हणाला,
'आता पन्नास कसं तोलायचं?'
मी रडत रडत म्हटलं, वीस, वीस आणि दहा.
'बरोबर,' तो म्हणाला.
'तीनदा हात जाणार. म्हणजे चुकायच्या तीन जागा.'
बस. रागावला नाही.
रागावला असता तर कदाचित
मी शिंपीण झाले असते.

त्यानं नवं वजन कधी मागवलं नाही.
का, ते मी विचारलं नाही.

पुढे विद्यापीठ, रेणूंची नावं, मोठमोठी सूत्रं,
ती मला आवडली, खोटं कशाला बोलू.
पण मग ते विजेविनाचे हिवाळे आले.
इन्शुलिनच्या बाटल्या आम्ही बरणीत घालून
शेजाऱ्याच्या विहिरीत सोडायचो,
आणि मेणबत्तीशी बसून मोठ्यांच्या गोळ्या कुटायचो,
लहानग्यांच्या पुड्या बांधायला.
दाराखालून वारा आला की पारडं हले,
मी श्वास धरून बसे, ते थांबेपर्यंत.
वार्लामला तेव्हा दिसत नव्हतं.
मागच्या खोलीत घोंगडी पांघरून तो कान देऊन असे.
पारड्यात पत्रा पडल्याचा आवाज
मुंगीच्या पायाचा असावा तितपत.
तरी आतून यायचं, 'दोनच वाजले. दहाचा राहिला.'

आणि खरंच राहिलेला असायचा.

नुत्सा म्हणते, आता सगळं मशीनवर,
दशांशानंतर चार आकडे.
हो गं. पण त्या काचेचं दार लावायच्या आधी
तूसुद्धा श्वास धरतेस,
मी पाहिलंय. तुला कुणी शिकवलं?

ती काही बोलली नाही.
अर्ज ओढून घेतला, हातानं झाकून
एक ओळ लिहिली. मी डोकावले नाही.
मग तिची नजर काउंटरवर गेली.
'आज्जी, हे दुर्मिशखानचं!'
आणि कोटाची बटणं न लावता
खोकल्याची बाटली घेऊन ती धावली बर्फात,
पुलाच्या दिशेनं, हाका मारत.

दार उघडंच.
अर्ज वाऱ्यानं फडफडतोय, तीन ओळी कोऱ्या.
त्यावर ठेवायला
मी काहीतरी जड शोधते आहे.