प्रीसेट बी

कॅमेरा तुर्भ्याच्या नदीमकडून आणला, एका रात्रीच्या भाड्यावर.
घणसोली गावात मढव्यांच्या मांडवाबाहेर पेटी उघडली
तर मेनू जपानीत.
आधीच्या कुणीतरी गंमत केली असणार, किंवा अंगठा घसरला असणार.
प्रणिलची हळद आठला. आठला दहा कमी.
बेंजोवाले खुर्च्यांवर बसून वडापाव खात होते.

पण मेनू तसा वाचायचा नसतोच.
तो अंगठ्याला पाठ असतो,
दिवे गेल्यावर पायांना घर पाठ असतं तसा:
आत शिरलं की पाच खाली,
उजवीकडे एक उंबरठा, मग तळाशी, अगदी तळाशी,
जिथे घड्याळ, पंखा आणि कार्ड पुसायचं बटण
शेजारी शेजारी राहतात.
तिथे जपून.
तिथे एकदा मी न वाचता 'हो' म्हणाले होते.
ऐरोलीच्या त्या जोडप्याची सप्तपदी
अजूनही पाचव्या पावलापासून सुरू होते.

भाषांची यादी सापडली. अकरा होत्या.
आपली असणार नाही हे माहीत होतं,
तरी एकदा शेवटपर्यंत जाऊन आले.

मग शटर पन्नासवर, नाहीतर एलईडीच्या माळा
पडद्यावर तापातल्या पापण्यांसारख्या फडफडतात.
एक नंबरला माइक, पातळी निम्म्याच्या खाली,
बेंजो सुरू झाला की लाल होणारच, ते ठरलेलं.
झेब्रा सत्तरवर.
आणि पांढरं.

पांढरं कॅमेऱ्याला सांगावं लागतं.
हे बघ, हे पांढरं, यावरून बाकीचं समजून घे.
ऑटोवर सोडला तर
मांडव पिवळा, झब्बे पिवळे, करवल्या पिवळ्या,
खुर्च्यांची कापडंसुद्धा,
तो बिचारा म्हणतो, एवढं सगळं पिवळं
म्हणजे हेच पांढरं असणार,
आणि हळद खाऊन टाकतो.
गेल्या वर्षी कोपरखैरण्याचा एक नवरा
मी पिठात लोळवल्यासारखा दिला. पैसे कापले.

माझं पांढरं कार्ड नदीमच्या टेबलावर राहिलं होतं.
विचारलं, कुणाकडे काही पांढरं आहे का?
लोक हसले. एकाने दात दाखवले.
रुमाल आला, पण नीळ जास्त झालेला.
पत्रिकेचं पाकीट आलं, सायीच्या रंगाचं.

मग आचाऱ्याच्या मागून हसुरामकाका
परातभर जाडं मीठ घेऊन आले.
"घे गो, यापेक्षा पांढरा काय दावू तुला?"

झूम करून चौकट मिठाने भरली.
खड्याखड्यावर झेब्र्याचे तिरके पट्टे.
आयरिस थोडा मिटला. अजून थोडा.
काका पडद्यापाशी वाकले, पट्ट्यांवर बोट ठेवलं.
म्हटलं, उजेड फार झाला की हा सांगतो.
"आमाला कोन सांगनार," म्हणाले.
पाण्याची टाकी आहे ना, तिथपासून खाडीपर्यंत मिठागर.
एप्रिलात दुपारी डोळे एवढेच उघडायचे,
आणि दोन बोटांत जागा ठेवून दाखवली,
तांदूळभर.
पुढचं बेंजोत ऐकू आलं नाही.

बटण दाबलं. कॅमेऱ्याने क्षणभर विचार केला
आणि म्हणाला, ठीक. चार हजार तीनशे.
हळद हळदीच्या जागी आली.
परात आचाऱ्याकडे परत गेली. त्याच मिठाचं मटण
सव्वाअकराला मी उभ्याने खाल्लं.

सकाळी बॅटऱ्या मोजून कॅमेरा परत केला.
नदीमने लेन्सवर फुंकर मारली, सही घेतली.
रिक्षात बसल्यावर आठवलं,
प्रीसेट बी पुसायचा राहिला.

आज तो ठाण्यात आहे, वागळे इस्टेटीत,
कुठल्याशा पतपेढीच्या वार्षिक सभेला.
तिथे कुणाचा अंगठा चुकून बीवर गेला
तर अध्यक्षांचा सदरा, फुलदाणी, नफ्याचा तक्ता,
सगळं घणसोलीच्या मिठाशी ताडून बघितलं जाईल.

नदीमला फोन करायला हवा होता.
केला नाही.