अकरावा चिंचोका

धुर्वे सर चिंचोके मांडतात
आश्रमशाळेच्या ओट्यावर:
चार, तीन, तीन.
अकरावा अर्धा किडका,
तो माझा.

पळता येत नाही म्हणून
चौथीत मला
बांबूच्या दोन खांबांमध्ये उभी केली.
तेव्हापासून एकच काम, लाथ.
लांब, बोडीकडे.

यंदा सर म्हणाले,
आता तसं नाही बाप्पा.
प्रेमिला कोवे, खेळ तुझ्यापासून सुरू.
चेंडू पायाशी ठेव. थांब.
येऊ दे त्यांना अंगावर.

आल्या.
राइसमिलच्या राखेची रेघ ओलांडून
मी पुढे निघाले तशी
बाहेरून सगळे ओरडले,
मार नं वो पोट्टे, मारत काहून नाहीस!

चेंडू पायाशीच.
डावीकडे ललिता,
आणि तिच्यासमोर
कापणी झालेल्या बांधीएवढं
मोकळं.