आडवा छेद

पंखा बंद.
एप्रिलात, सोलापुरात, दुपारी दोनला
पंखा बंद करायला काळीज लागतं.
पण सागाचा हा पापुद्रा
लग्नपत्रिकेहून पातळ,
वारा लागला की कडांनी वळतो,
उन्हात टाकलेल्या पापडासारखा.

मशीन जेवणाच्या टेबलावर.
अठरा हप्त्यांतले सात फिटलेत.
व्हिनिअरची पाठ ओल्या फडक्यानं पुसायची,
मग चिकटपट्टी, मग चटईवर ठेवून लाटणं फिरवायचं
(पोळ्यांचं नव्हे, वेगळं ठेवलंय),
चारी कडांना कागदी टेप.
हे कुणी शिकवलं नाही.
अकरा पापुद्रे वाया गेले, तेव्हा कळलं.

ऑर्डर एका शब्दाची: चिलवेरी.
नव्या घराची पाटी, विडी घरकुलाच्या पुढे.
लाकडाच्या रेषेसोबत पातं गुणगुणत जातं,
आडवं वळलं की लाकूड हट्टाला पेटतं,
कुसळं काढतं.
म्हणून शिरोरेघ सांभाळावी तर काने तुटतात,
काने सांभाळावेत तर शिरोरेघ.
मात्रेचं तर विचारूच नका.
मी शिरोरेघेच्या बाजूनं झाले.

नायना खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून.
एकतीस वर्षं जकार्डची कार्डं पंच केली त्यांनी,
पुठ्ठ्याला भोक, भोकाला धागा,
कुणाच्या पलंगावर कुठला मोर गेला
त्यांना कधी कळलं नाही.
आता डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी झालंय.
मशीनबद्दल त्यांचं एकच मत:
"फार हळू बोलतं."

दोन फेऱ्या झाल्या. स्क्रीन म्हणाली, पूर्ण.
मी वाकून बघत होते.
"वरून काय बघतेस? पाठ दाखव."
एका कोपऱ्याचा टेप सोडवला,
त्यांनी बोट खाली सरकवलं,
तोंड दुसरीकडेच, खिडकीकडे.
"इंका ओकसारि."
अजून एकदा.

तिसऱ्या फेरीत, 'वे'पाशी, लाईट गेली.

मशीन आपली जागा विसरलं.
आता पुन्हा लावलं तर केसभर सरकणार,
आणि केसभर म्हणजे इथं अख्खी मात्रा.
"माग विसरत नसे," नायना म्हणाले,
"कार्ड जिथं थांबलं, तिथंच थांबलेलं."
मग खुर्ची ओढून घेतली टेबलाशी.

त्यांचं बोट पुढे, अर्धवट कापलेल्या खाचेत,
माझं पातं मागे.
घाम कोपरावरून ठिबकायचा
तेव्हा हात बाजूला घ्यायचा, पुसायचा, परत.
"आगु," म्हणाले की थांबायचं.
तिथं रेषा वळलेली असायची,
मला दिसायची नाही.
एकदा पातं नखाला टेकलं.
दोघंही काही बोललो नाही.

साडेचारला पट्टीवर शब्द उचलला,
अख्खा, शिरोरेघेला लटकलेला.
'वे'ची मात्रा किंचित कललीय,
हे माझ्या डोळ्यांना ठाऊक आणि त्यांच्या बोटाला.

चिलवेरींची सून स्कूटीवरून आली,
डोक्याला ओढणी, हातात किल्ली तशीच.
फळीवर तिचा सुतार चिकटवणार होता.
उजेडात धरून म्हणाली,
"मशीनचं काम ते मशीनचंच हो, हाताला असं जमायचं नाही."
मी म्हटलं, "हो ना."
नायनांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला
आणि बराच वेळ काढला नाही.
तिनं चाळीस रुपये कमी पाठवले.

पाचला लाईट आली.
मशीननं विचारलं, सुरुवातीपासून करायचं का?
मी आधी पंखा लावला
आणि टेबलावरची अक्षरांची पोटं,
नखाएवढी, तांदळाएवढी,
सगळी घरभर उडाली.
एक नायनांच्या मनगटाला चिकटलं.
त्यांनी ते चिमटीत धरलं, कडा चाचपल्या,
पुन्हा चाचपल्या.
"हे 'व'चं."
'च'चं होतं.
मी केरसुणी शोधायला आत गेले.