नंतर आठवण करा

दर शुक्रवारी निळी चौकट उगवते.
तुमची सिस्टिम जुनी झाली आहे, म्हणते,
ऑक्टोबरनंतर तिची जबाबदारी कुणावर नाही.
खाली दोन बटणं.
आजचं मरण उद्यावर ढकलायला
इतकं गुळगुळीत बटण
मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

कुटाइसी, पाचवा मजला.
लिफ्ट नाण्याशिवाय हलत नाही, म्हणून बाचो
जिन्याने धापा टाकत आला,
आणि नाण्याचे पैसे तरीही बिलात लावले.
कंप्युटरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,
जीव आहे अजून. थोडी मेमरी घालू, पेलेल.
कॅमेऱ्याचं मात्र सांगता येत नाही.

कॅमेऱ्याचं म्हणजे आईचं.
आई बारीत, सिन्योरा फिलोमेनाच्या उशाशी, आठ वर्षं.
दर रविवारी नऊला
आम्ही चार खुर्च्या बोळात ओढतो,
कपड्याच्या चिमट्याने अडकवलेल्या त्या डोळ्यासमोर बसतो.
मोबाईल आहेत, सगळ्यांकडे आहेत,
पण बाबा म्हणतात, त्यात एका वेळी एकच तोंड मावतं,
बाकीचे मागून डोकावतात, चोरासारखे.

तेमूर बँकेत आहे, त्याला जगात फक्त चोरच दिसतात.
"कुलूप नसलेल्या घरात झोपतोय आपण," तो म्हणाला.
बाबा म्हणाले, चोर आला तर त्याला काय मिळेल?
गॅसची बिलं. आणि नीकेच्या दातांचे एक्स-रे.
नीके म्हणाली, शाळेचा प्रोग्रॅम आता उघडतच नाही,
मी गृहपाठ शेजारी एतेरीकडे जाऊन करते,
तुम्हाला कुणाला कळलंसुद्धा नाही.
यावर सगळे गप्प.

मी काहीच बोलले नाही.
एकावन्न वेळा ढकललंय, बाचोने मोजून सांगितलं होतं,
त्यातले तीस तरी माझे.

आई गेल्यावर आम्ही स्वयंपाकघर रंगवलं.
फ्रिज बदलला, तो आता खिडकीजवळ असतो.
तिच्या पलंगावर नीके झोपते, पडदे नवे,
परसातलं डाळिंब सोसायटीने तोडलं.
या घरात तिने लावलेलं, जिथल्या तिथे राहिलेलं
एकच ठिकाण आहे: हा पडदा.
डावीकडे वीजबिल, त्याखाली फोटो,
कोपऱ्यात 'महत्त्वाचं' नावाचं फोल्डर, ज्यात काहीच नाही.
अजूनही ती तिकडून सांगते,
वरून तिसरं, हं, त्याच्या शेजारचं,
आणि ते तिथे असतं.
डोळे मिटून आपल्या घरात फिरणारं माणूस
एवढ्या जागेपुरतंच उरलंय आमच्याकडे.

रविवारी विचारलं शेवटी. मीच.
सगळी प्रस्तावना केली, ऑक्टोबर, कुलूप, दात.
मागे सिन्योरा खोकत होती.
आई म्हणाली, "मग घोडं कुठे अडलंय?"
मी म्हटलं, तुझ्या जागा बदलतील.
ती थोडं थांबली. का आवाजच अडकला, कोण जाणे,
त्या लाइनवर दोन्ही सारखंच दिसतं.
"फ्रिज तरी कुठे ठेवलाय आता?" तिने विचारलं.
खिडकीजवळ, मी म्हटलं.
"उन्हात? तुम्हाला काही अक्कल?"

त्या रात्री मी वहीच्या चौकोनी पानावर
सगळे आयकॉन काढून ठेवले, नावांसकट,
रिकामं फोल्डरही.
मग बटण दाबलं.
एकतीस टक्क्यांवर दिवे लुकलुकले
आणि बाबा उठून मीटरच्या पेटीसमोर जाऊन उभे राहिले,
पायजम्यात, हात मागे बांधून,
जणू वीज त्यांना पाहून वचकणार होती.
सत्तर. मग बराच वेळ सत्तरच.

रविवारी नऊला खुर्च्या ओढल्या.
कॅमेरा चालला. रंग थोडे पिवळट.
आईने डोळे बारीक करून पाहिलं.
"तेमूर जाड झालाय," ती म्हणाली,
"का आधीपासून होता?"