शेड नंबर

केंकऱ्यांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय.
फोंड्याला, वरच्या बाजारात त्यांचं रंगाचं दुकान,
काउंटरवर मी,
अठरा हजार, गुरुवारी सुट्टी, चवथीला बोनस.
"तुला रंग कळतो रे," म्हणाले,
जसं बैलाला म्हणावं, तुला वाट कळते.

सत्तावीस वर्षं पडदे रंगवले.
रस्ता, जंगल, राजवाडा, तुरुंग.
मडकईपासून सावर्ड्यापर्यंत
जत्रेतल्या नाटकाचा राजा
माझ्याच खांबांसमोर राज्य हरला.
खांबांची सावली मी उजवीकडे टाकायचो.
दिवा कुठे टांगतील कुणाला ठाऊक,
एकदा ठरवलं ते ठरवलं.

आता म्हापशाहून टेंपोतून एलईडीची भिंत येते.
तिच्यात समुद्र हलतो.
माझा समुद्र हलायचा तो
मागून कुणी चहा घेऊन गेलं तरच.

रडगाणं नाही हे.
शिगम्यापासून तीन कामं आली,
त्यातलं एक बारशाचा बॅनर.
पोरीची फर्मागुडीची फी सुलक्षाने भरली,
पतपेढीतल्या पगारातून,
आणि पावती फ्रिजवर चुंबकाखाली लावली.
बोलली काही नाही.

शनिवारी नुसतं बघायला म्हणून गेलो.
वर सोळा नळ्या, खाली पांढरा डबा,
नंबर दाबा, थेंब पडतात,
डबा आपोआप हलून निघतो.
मी करवंटीत संध्याकाळ कालवायचो,
गेरू, पिवडी, चिमूटभर नीळ, कढत सरस,
दर वेळी ती वेगळीच व्हायची
नि मी म्हणायचो, यंदाची अशी.

कवळ्याची एक बाई आली.
रुमालात भिंतीचा पोपडा बांधून आणलेला.
"हाच रंग जाय. सासऱ्यांच्या खोलीचा.
एका कोपऱ्याला ओल आलीय,
बाकीची भिंत तशीच ठेवायचीय."
मी पोपडा उजेडात धरला.
हिरवा, मनात म्हटलं, त्यात राख,
आणि बोटभर जुनेपण, जे डब्यात येत नाही.
मशीनने पोपड्यावर डोळा टेकवला.
एक बीप.
आला तो रंग तंतोतंत.
मी राख जरा जास्तच घातली असती.
बाईने बोटाने पोपड्याला थोडा लावून बघितला,
वाळल्यावर
कुठे लावला ते तिलाच सापडेना.

मला वाईट वाटायला हवं होतं.
संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.
दुपारी पंख्याखाली भात नि मुगागाठी खाल्ली,
राजवाडा अजून ओला आहे का,
असं विचारायला कुणाचाही फोन नाही.
साडेसातला घरी. हात स्वच्छ.
ते सुलक्षाला दिसलं,
तिला दिसलं हे मला दिसलं,
मग आम्ही दोघांनी बातम्या बघितल्या.

पोटाची भीती केव्हाच सरली.
भीती ही, की सहा महिन्यांनी
देवळाच्या पायऱ्यांवर कुणीतरी विचारेल,
पडद्यांची आठवण येत असेल ना?
आणि मला खोटं बोलावं लागेल,
येते म्हणून.

माळ्यावर एक रस्ता होता, गुंडाळलेला.
बोरीच्या मंडळाने नेलाच नाही,
पैसेही अर्धेच दिले.
आज सकाळी खाली काढला, अंगणात पसरला.
झुरळांनी दोन्हीकडची झाडं खाल्लीत,
सरसाची चव लागलेली.
रस्ता मात्र शाबूत,
लहान होत होत जातो
आणि एका टिंबाशी संपतो.
ते टिंब मी करंगळीने ठेवलं होतं,
तेवढ्यात पोदेराचा हॉर्न वाजला,
आणि त्या दिवशीच्या पावांना जांभळी बोटं उठली.

सुलक्षा भिरंडांची सोलं घेऊन दारात उभी.
"ह्याच्यावर वाळत घालू? आहे तेवढं मोठं."
म्हटलं, रंग लागेल.
"इतकी वर्षं झाली, आता काय लागणार?"
मी तळवा फिरवून बघितला.
थोडा लागला.