आक्षेपाचे दोन रुपये

"चारशे सतरा. मुंजाजी केरबा."
पहिल्या टेबलावरचे गुरुजी मोठ्यानं वाचतात
आणि बाकावरचे आम्ही तिन्ही एजंट
आपापल्या यादीत मान घालतो.

केंद्र चौथीच्या वर्गात आहे.
फळ्याच्या कोपऱ्यात पट बत्तीस, हजर एकोणीस.
जिंतूरहून आणलेलं थंड पाणी कधीच कोमट झालंय.

मागच्या तीन निवडणुकांत त्याचं नाव होतंच.
नावापुढं मी पेन्सिलनं बारीक शून्य काढायचे.
हर्सूलच्या भिंतीआड बोटाला शाई लागत नाही.
कच्च्या कैदेतून उभं राहता येतं म्हणे,
मत तेवढं देता येत नाही.
पारावर यावर लई हसतात.

लिंबाजीचं नाव मात्र पहिल्याच वर्षी गेलं.
मयत. आडवा शिक्का.
माझ्या भावानं आयुष्यात एकदाच मत दिलं
आणि बोट दाखवत बाजारभर हिंडला होता.

पोळ्याला कुणाचा बैल तोरणाखालून आधी जाणार
एवढ्यावरून झालं ते.
आज हा सकाळपासून रांगेच्या शेवटी,
येईल त्याला म्हणतोय, "तुमी व्हा म्होरं."

केंद्राध्यक्ष चष्म्यावरून बघतात.
"फोटो फार जुना आहे. एजंट, ओळखता का यांना?"

बाकीचे दोघं फरशीकडं बघायला लागतात.
माझ्या मुठीत नाणं आहे.
आक्षेपाची फी दोन रुपये.
पण आक्षेप एवढाच घेता येतो
की हा तो नव्हे.

हा तो नव्हे?
परभणीच्या कोर्टात त्याच्या वकिलानं
हेच माझ्याकडून वदवून घ्यायला बघितलं होतं.
मी एकोणीस वर्षांची, पदर दातात.
गावात याला माझ्याइतकं ओळखतं कोण?
कानावरचे केस पिकलेत.
भुवईतला व्रण तसाच आहे,
लिंबाजीच्या हातातल्या कड्याचा.

"ओळखते," मी म्हणते. "तोच आहे."
तेव्हाही एवढंच म्हणाले होते.

तो अंगठा पुढं करत नाही. सही करतो.
अक्षराला अक्षर जोडत, जीभ दातांत धरून.
आत शिकला असणार.
शाईची काडी नखावरून खाली उतरते.
पुठ्ठ्यामागं लई वेळ लावतो.
कुणीतरी खोकतं.
मग ती शिट्टी वाजते,
सरपंचासाठी वाजली तेवढीच लांब.

मी शून्य खोडून खूण करते.
कागद जरासा फाटतो.

रात्री माय चुलीपुढून विचारते,
"आल्ता का?"
"हं."
"टाकलं?"
"टाकलं."
ती भाकर उलटते, फुगू देते.
"कुणाला?"
"ते कुणालाच कळत नसतं, माय."

बराच वेळ ती काही बोलत नाही.
"लिंबाजीनं तर मला सांगितलं होतं,"
म्हणते,
आणि विस्तव पुढं ओढते.