उतारू

वरच्या काठावर आधी माझं वजन झालं,
धान्याच्या वखारीत असतो तसल्या काट्यावर.
डेल्मरने आकडा वाचला, टोपी मागे सारली,
म्हणाला, "खेचरं माझं ऐकतात बाई,
पण हिशोब त्यांनाही कळतो."
म्हणून मी पायी.

पहिल्या वळणावर बर्फ होतं, तिसऱ्यावर धूळ,
सातव्यावर जाकीट कमरेला.
आपले देव बहुतेक डोंगरावर बसलेले,
पाय आधी चढायला शिकलेले.
इथे उलटं. आधी उतरून घ्या,
फेडायचं ते उद्या.

खडक पांढरा होता, मग तांबडा, मग हिरवट,
शेवटी काळा, कुठल्याही पोथीच्या आधीचा.
गुडघे बोलू लागले, मी त्यांच्याशी.
उतार, उतारा, उतारवय,
आणि तापाला पडतो तोही उतारच.
एवढं व्याकरण दोन मैल पुरलं.

मागून खेचरांची रांग आली.
पाठ दगडाला लावून उभं राहायचं, नियम आहे.
सात जनावरं. कांदे, गॅसच्या टाक्या, टपालाची पिशवी,
कुणाचं तरी वर विसरलेलं औषध.
शेवटचं काठाच्या इतकं कडेने गेलं
की त्याच्या पोटाखाली आभाळ दिसलं.
ख म्हणजे आकाश.
खेचर हे नाव ज्याने ठेवलं
त्याने असली वाट पाहिली असणार.

तळाला लॉज. नदीतल्याच गोट्यांच्या भिंती, हिरवी दारं,
फळीवर कोरलेलं साल, खाली 'ऐतिहासिक वास्तू'.
आत लांब टेबलं, भिंतीवर जुने फोटो:
टाय लावून घोड्यावर बसलेले पुरुष,
पिसं खोचलेल्या टोप्यांतल्या बायका,
आणि कडेला, चौकटीने अर्धी कापलेली,
ताटांची चळत धरलेली एक मुलगी.

त्या संध्याकाळी पाण्याची नळी फुटली.
फुटतेच म्हणे, वर्षातून चारदा.
ओढ्यापासून चुलीपर्यंत आम्ही ओळ धरली:
मिनेसोटाचा दंतवैद्य, नवं लग्न झालेलं जोडपं, मी,
आणि जेवणाची घंटा वाजवणारा पोरगा.
बादली हातातून हातात.
नावं कुणी विचारली नाहीत.
रस्सा उशिरा झाला, बुडाला लागलेला.
सगळ्यांनी दोनदा घेतला.

नंतर व्हर्नाबरोबर बसले, उद्याचे बटाटे सोलत.
"फळीवर साल वाचलंस ना," ती म्हणाली,
"त्याच्या आधी इथे पीच होते.
तुझी खाट आहे तिथे आजीचा मका.
मग साहेब आले. म्हणाले, ही जागा सगळ्यांची आहे,
तेव्हा तुम्ही निघा."
सुरी थांबली नाही तिची.
"नोकरी मात्र दिली हं.
आमच्याच ओढ्याच्या पाण्याने त्यांची ताटं धुवायची."
मी फोटोतल्या मुलीचं विचारलं.
फोटोखाली नाही, पण व्हर्नाला ठाऊक होतं नाव.
तिने सांगितलं. मी म्हटलं, चुकलं.
पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं.
तिसऱ्यांदा ती हसली आणि पुढचा बटाटा घेतला.

रात्री आभाळ म्हणजे दोन भिंतींमधली एक पट्टी.
नदी अंधारात दगड ओढत होती.
कुणाच्या तरी मक्यात
मी पाठ टेकून पडले होते.
झोप आली, याची लाज वाटली सकाळी.

निघताना व्हर्नाने उकडलेलं अंडं दिलं, मिठाची पुडी दिली.
"चढताना मीठ खात राहा. अभिमान खाऊ नकोस,
तो तिथे वर पुरत नाही."
टपालाच्या पिशवीत माझी तीन कार्डं:
सुखरूप. सुखरूप. सुखरूप.
ती माझ्या आधी पोचणार होती.

दुसऱ्या वळणावर दम खायला थांबले, खाली पाहिलं.
छपरं, कॉटनवुडची झाडं, धुराची एक रेघ.
आणि त्यामध्ये फिकट हिरवा एक चौकोन,
कुठल्याही ओढ्याने आखला नसता
इतका सरळ.